चारीवरचं स्टेज

गेनभाऊ,

तुमच्या दशक्रियेला घाटावर अकरा भाषणं झाली. तुम्ही असता तर तिसऱ्यालाच "जरा तंबाखू मळून येतो" म्हणून उठला असता आणि परत आला नसता. मी शेवटपर्यंत बसलो. पहिल्या वक्त्याने तुम्हाला जलदूत म्हटलं, दुसऱ्याने कर्मयोगी, तिसऱ्याने आधारवड. चौथे पुढारी उशिरा आले. सकाळपासूनची ही तिसरी दशक्रिया, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि तळहातावर लिहून आणलेलं तुमचं नाव वाचून दाखवलं. याच लोकांनी तुमच्या हयातीत तुम्हाला काय काय म्हटलं होतं, ते तुम्हीच मला हसत सांगितलेलं आहे. ते इथे छापता येणार नाही. कावळा मात्र पहिल्या पाच मिनिटांतच पिंडाला शिवून गेला. भाषणं संपण्याची वाट न पाहणारा घाटावर तो एकटाच.

बत्तीस वर्षं तुम्ही कालव्यावर पाटकरी होतात. कालव्याला आवर्तन सुटलं की कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं हे सांभाळणारा माणूस. ज्याला पाणी मिळालं तो म्हणे कमी मिळालं, ज्याला मिळालं नाही तो तुमच्या दारात येऊन बसे. बत्तीस वर्षांत तुम्हाला कुणी साधा हार घातला नाही. घाटावर तुमच्या फोटोला इतके हार होते की फोटो दिसत नव्हता.

दहावं भाषण शेठचं होतं. आमची वसाहत ज्यांनी बांधली, त्यांना सगळे शेठच म्हणतात, ते स्वतःसुद्धा. "गेनभाऊ आमचे मार्गदर्शक होते," ते म्हणाले. "त्यांच्या सल्ल्याशिवाय आम्ही एक वीट रचली नाही." मी तुमच्या फोटोकडे पाहिलं. तुम्ही त्यात गंभीर होतात. ओळखपत्राचा फोटो मोठा केला की माणूस गंभीरच दिसतो.

खरं काय झालं ते तुम्हाला, मला आणि शेठला ठाऊक आहे. तुम्ही गेलात आणि शेठ बोलणार नाहीत. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. सुनंदाचं माहेर निरगुडसरचं, म्हणून निवृत्तीनंतर याच बाजूला घर घ्यायचं ठरलं. वसाहतीचं नाव इंग्रजी आहे. त्यात दरी, नदी आणि राजवाडा असे तिन्ही शब्द येतात. प्रत्यक्षात उसाच्या पाच एकरांवर बारा बंगले, प्लास्टरचे दोन हंस आणि उद्घाटनाच्या दिवशी एकदाच उडालेलं एक कारंजं आहे. प्रत्येक बंगल्याला तळघर. तळघराला तळघर म्हटलं तर माणूस त्यात बटाटे ठेवील, म्हणून माहितीपत्रकात त्याला 'लोअर लाउंज' म्हटलेलं. मी त्या दोन शब्दांना हसलो आणि तेवढ्यासाठीच घर घेतलं. माझी पुस्तकं आयुष्यभर पलंगाखाली आणि माळ्यावर राहिली होती. त्यांना एक आख्खी खोली मिळणार होती.

सातबारा पाहिला. फेरफार पाहिले. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला. करारनामा दोनदा वाचला आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करून वकिलाला परत दिला. गेटसमोरच्या टपरीवर रोज चहा पीत बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मात्र मी एक शब्द विचारला नाही. तो कुठल्या कागदावर नव्हता.

मार्चमध्ये राहायला आलो. एप्रिलच्या एका दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना आणि अंगण तव्यासारखं तापलेलं असताना, सुनंदा घडीची खुर्ची आणायला खाली गेली आणि जिन्यातूनच म्हणाली, "अहो, तुमची पुस्तकं पोहायला लागली."

घोट्याच्या वर पाणी होतं. खालच्या रांगेतले खोके फुगून फाटले होते. शब्दकोश तर पाव भिजवावा तसे झाले होते. शेजारचे जमले. त्यांच्याही तळघरांत तेच. कुणी म्हणालं टाकी फुटली, कुणी म्हणालं ड्रेनेज. तेवढ्यात तुम्ही कुणी न बोलावता आत आलात, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलात आणि जिना उतरून पाण्यात उभे राहिलात.

"कंच्या भिंतीतून येतंय?"

"पश्चिमेच्या," मी म्हणालो.

तुम्ही ओंजळीत पाणी घेतलंत, वास घेतलात, सोडून दिलंत. "टाकीचं असतं तर आत्ता कढत लागलं असतं. हे पाटाचं पाणी हाय. परवा पाट सुटला. कालव्याचा पाझर हाय ह्यो. पाट बंद झाला की चार दिसांत वाळंल. वैशाखात पुन्हा सुटंल, तवा पुन्हा येईल."

"तुम्ही कोण?" मी विचारलं. त्या विचारण्यात ग्रंथालयाच्या टेबलामागचा सगळा तोरा होता.

"मी कोण न्हाई. रिटायर माणूस." जिना चढताना तुम्ही खोक्यांकडे पाहिलंत. "लई पुस्तकं हायेत राव. ह्यातलं एक जरी वर ठिवलं असतं."

नंतरच्या पंधरा दिवसांत शेठने जे केलं त्याचं वर्णन करताना हात आखडता घ्यावा असं वाटतं, पण त्यांनी स्वतः घेतला नव्हता. पुण्याहून एक इंजिनिअर आला. त्याने भिंतीला कान लावला आणि एक रसायन सुचवलं. एक वास्तुतज्ज्ञ आला. त्याच्या मते पाणी योग्य दिशेनेच येत होतं, आम्हीच चुकीच्या दिशेला झोपत होतो. मग पाणी उपसायला वसाहतीने पंप घेतला, तर त्या पंपाला फीत बांधून उद्घाटन झालं. फीत कापताना शेठ म्हणाले, "मी ओझरला अभिषेक सांगितलाय. विघ्न राहणार नाही." तुम्ही टपरीवरून ऐकत होतात. म्हणालात, "देवाला कशाला मधी घेता शेठ. त्यानं थोडीच काय बुजवलंय."

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. तेव्हा मला ते कळायला हवं होतं. मी ओळींच्या मधलं वाचू शकतो असा माझा चाळीस वर्षांचा समज होता.

पाट बंद झाला आणि चौथ्या दिवशी तळघर कोरडं पडलं. शेठने रसायनाचा सत्कार केला. मी चहा घ्यायला टपरीवर आलो आणि तुमच्या बाकावर बसलो. रोजच बसू लागलो. तुम्ही मला पावणं म्हणत होतात. मी म्हणालो, घर घेतलंय हो इथे, पाहुणा कसला? "घर घेऊन कोण गावचं व्हतं? बघू की." सातबारा मी बारकाईने वाचला होता असं सांगितल्यावर तुम्ही इतकंच म्हणालात, "सातबाऱ्यावर विहीर असती. पाझर नसतो."

वैशाखात तुम्ही सांगितलं होतं त्या आठवड्यात पाणी पुन्हा आलं. या वेळी पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. सुनंदा चिरेत बोट घालून उभी राहिली आणि म्हणाली, "असंच चाललं तर दोन वर्षांत घर खाली बसेल." आमच्याकडे दुसरं घर नव्हतं. पुण्यातलं विकूनच हे घेतलं होतं.

त्या दिवशी तुम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून बसलात. काखेत एक घडी केलेली शाल होती. बराच वेळ तंबाखू मळत राहिलात, खाल्ली नाहीत.

"हितं चारी व्हती," तुम्ही म्हणालात.

कालव्याच्या खालची रानं पाझराने खराब होत होती, म्हणून तुम्हीच मागे लागून ती खोदून घेतली होती. कालव्याच्या मोरीपासून ओढ्यापर्यंत, कंबरभर खोल. पाझर त्या चारीत उतरायचा आणि ओढ्याला जायचा. पंचवीस वर्षं ती वाहती होती. शेठने जमीन घेतली तेव्हा मुरूम टाकून ती बुजवली, वर रोलर फिरवला आणि त्यावर भूमिपूजनाचा मांडव घातला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिशी. स्टेजवर बसल्यावर."

शेठने तुम्हाला भूमिपूजनाला बोलावलं होतं. फेटा बांधला, शाल घातली, पुढाऱ्यांच्या रांगेत खुर्ची दिली. खुर्चीत बसल्यावर तुमची नजर मोरीवर गेली, मग ओढ्यावर, आणि तुम्हाला कळलं की स्टेज नेमकं चारीवर आहे.

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्यांदाच स्टेजवर बसलो व्हतो राव. माईकवर माझं नाव घेतलं. गावानं टाळ्या वाजवल्या. ज्यांनी माझ्या सायकलीची हवा सोडली व्हती त्यांनी बी वाजवल्या. तितनं कसं उठू आणि म्हणू, की शेठ, तुमी चारी बुजवली?"

"नंतर सांगायचं. मी तुमच्या समोरून दहा वेळा घर बघायला गेलो."

"नंतर बी ती शाल घरात व्हती." तुम्ही ती माझ्यासमोर धरलीत. "घ्या. पाय पुसायला व्हईल. दुसऱ्या कशाच्या कामाची न्हाई."

मी घेतली नाही. आणि जे बोललो ते मला शब्दशः आठवतं, कारण बोलताना मला माझं वाक्य आवडलं होतं. मी म्हणालो, "बत्तीस वर्षं पाणी कुणाला विकलं नाहीत असं सांगता, आणि एका शालीसाठी बारा घरं बुडवलीत."

तुम्ही शाल काखेत मारलीत. "तुमचं खरं हाय," म्हणालात. जिना चढून गेल्यावर दारातून वळून पुन्हा बोललात. "पर तुमी शिकलेलं. तुमाला स्टेज नवं न्हाई."

मी त्या वाक्याला दाद दिली नाही. स्टेजबद्दलचा तिरस्कार हा माझा जन्मभराचा व्यवसाय होता. कॉलेजात मी कुठल्याच सत्काराला पुढे बसलो नाही. मागे उभं राहून वक्त्यांच्या चुका मोजत असे. मला वाटत आलं की तिथे बसणारी माणसं वेगळ्या मातीची असतात, आणि ती माती हलकी असते.

पुढचे पाच महिने मी टपरीवर आलो नाही. चहा घरी प्यायलो, तुमच्यासमोरून छत्री आडवी धरून गेलो. पावसाळ्यात तळघर भरलं, तेव्हा शेठने पावसाकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ते पटलं. मी एकट्याने चारीचं नाव काढलं तर शेठ म्हणाले, "कुठली चारी? दाखवा की." दाखवता येईना. नकाशावर ती कधी नव्हतीच. ती तुमच्या डोक्यात होती.

दिवाळीनंतर एका सकाळी तुम्ही काठी घेऊन गेटात उभे राहिलात. "चला पावणं. लाइन दावतो."

मोरीपासून निघालो. तुम्ही पावलं मोजत पुढे, मी मागे. "लिहून घ्या," तुम्ही म्हणालात.

"राहील लक्षात."

"पुस्तकवालं तुमी. लिहून घ्या."

मी लिहिलं नाही. राग गेला होता पण तुम्हाला तसं दिसू द्यायचं नव्हतं, आणि खिशातून वही काढणं म्हणजे माफ करणं, असं काहीतरी मूर्खासारखं माझ्या मनात होतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या नोंदी ठेवण्यात गेला आणि एकमेव कामाची नोंद मी ऐटीत हवेत सोडली. तुम्ही दोन ठिकाणी वळलात, ते कुठे, हे संध्याकाळपर्यंत पुसट झालं. एक जागा तेवढी पक्की राहिली. गेटाच्या आत, लिंबाच्या झाडाशी तुम्ही थांबलात, थुंकलात आणि काठीने ठोकून म्हणालात, "हितं कंबरभर खाली दगड लागंल. रविवारच्या मिटिंगीत मी सोता सांगतो. शेठच्या तोंडावर. मग तर झालं?"

मी "बघू" म्हणालो. तुम्हाला मी बोललेला शेवटचा शब्द "बघू".

गुरुवारी दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात ते उठला नाहीत.

आता घाटावर परत येतो. शेठने भाषणाच्या शेवटी घोषणा केली की वसाहतीच्या प्रवेशाला गेनभाऊंच्या नावाची भव्य कमान उभारण्यात येईल. टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालकाने, माझं वय पाहून असेल, मला दोन मिनिटं दिली. अकरावं भाषण माझं. मी तुमच्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. म्हणालो, "कमानीची कल्पना उत्तम आहे. फक्त एक खांब लिंबाच्या झाडाशी यावा. गेनभाऊ रोज तिथे थांबत, अशी त्या जागेची आठवण आहे." शेठना गहिवरून आलं. अशा वेळी त्यांना गहिवर लगेच येतो.

महिन्याने कमानीचं भूमिपूजन ठरलं. मांडव, माईक, पुढारी. पाट सुटून आठवडा झाला होता, तळघरात पाणी होतं आणि आम्ही बारा कुटुंबं ओल्या पायांनी खुर्च्यांवर बसलो होतो. पुढाऱ्यांनी कुदळ टेकवली, फोटो झाले आणि जेसीबी लिंबाशी खड्डा घेऊ लागला. दोन फुटांवर मुरूम संपून काळा गाळ लागला. मग बकेट दगडावर खणखणलं आणि खड्ड्यात पाणी शिरलं. जेसीबीवाला इथलाच, चाळिशीचा माणूस. त्याने इंजिन बंद केलं आणि खाली वाकून पाहिलं.

"शेठ, हे खालून न्हाई, आडवं येतंय."

"पाइप फुटला असेल. माती लोट."

"पाइप न्हाई. ही गेनभाऊची चारी हाय. आमच्या आबांनी हिच्यावर गवत कापलंय."

पांढरे बूट घातलेले पुढारी दोन पावलं मागे सरले. शेठ म्हणाले, "पहिली माती लोट." तेव्हा सुनंदा उठली. ती कधी उठत नाही, गेनभाऊ, तुम्हाला माहीत आहे. ती जेसीबीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, तुला लाइन दिसतेय का?"

"दिसतीय की ताई. गाळ सांगतोय."

"मग ओढ्यापर्यंत जा. थांबू नकोस. कुणी थांबवलं तर माझं नाव सांग."

माझ्या आठवणीची गरजच पडली नाही. तुमची दोन वळणं गाळाने दाखवली. दुपारी तीनला ओढ्याच्या काठाची माती सुटली आणि पाणी गेलं. ना वळवावं लागलं, ना फीत कापावी लागली. संध्याकाळी तळघराची शेवटची पायरी उघडी पडली.

आणि आता जे लिहायचं त्यासाठीच हे सगळं लिहिलं. पाणी ओढ्याला लागल्यावर शेठ मांडवात परत गेले. मग त्यांनी माईक हातात घेतला. म्हणाले, हा गेनभाऊंचा आशीर्वाद. म्हणाले, ही चारी शोधण्याचा संकल्प आपण आधीच केला होता. म्हणाले, आणि यात ज्यांचं मार्गदर्शन लाभलं ते आमचे सर. मला हाताला धरून वर नेलं. बारा घरांनी टाळ्या वाजवल्या. शेठने माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माईक माझ्यापुढे धरला.

माझं वाक्य महिनाभर तयार होतं. 'ही चारी शेठने बुजवली.' चार शब्द, एकही अवघड नाही. समोर माझे शेजारी हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. शाल ऊबदार होती. मी माईकमध्ये म्हणालो, "धन्यवाद."

खाली उतरल्यावर सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "झालं?" एवढंच म्हणाली.

झालं, गेनभाऊ. आपला वाद मिटला आणि मी हरलो. तुम्ही निदान त्या स्टेजवर पहिल्यांदा बसला होतात. मी तर आयुष्यभर सगळी स्टेजं मागून पाहून, नावं ठेवून, तयारीने चढलो होतो. माती तुमची-माझी आणि शेठची एकाच रानातली निघाली. तुमच्याकडे काखेत शाल मारून माझ्या जिन्यात येण्याइतकी लाज होती, आणि मी त्या लाजेवर एक सुबक वाक्य फेकून मोकळा झालो होतो.

चारीवर आता फ्लेक्स लागला आहे. त्यावर शेठ गुडघ्यापर्यंत दिसतात. तुम्ही कोपऱ्यात, टिकलीएवढे. कमान झालेली नाही आणि होणार नाही, खड्ड्यात पाणी वाहतं आहे. माझी शाल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घातली आहे. पाय पुसायला होते. तुम्ही म्हणाला होतात तसंच, दुसऱ्या कशाच्या कामाची नाही.

शेठ पुढच्या वर्षी कारंज्याभोवती बाग करणार आहेत. मुरूम पुन्हा येईल. म्हणून जे माईकवर जमलं नाही ते इथे छापून ठेवतो: ही चारी शेठने बुजवली. गेनभाऊंना ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. दोघंही स्टेजवर गप्प बसलो.

आणि तुम्ही सांगितलं होतं, लिहून घ्या. घेतो. कालव्याच्या मोरीपासून सरळ एकशे बारा पावलं, लिंबाच्या झाडापर्यंत. लिंबाच्या पुढे दहा पावलांवर डावीकडे वळायचं, अडतीस पावलं. तिथून उजवीकडे, कारंज्याच्या कडेने, चौऱ्याण्णव पावलं, ओढा. पावलं माझी आहेत. तुमची जरा आखूड पडायची, शेवटी शेवटी फारच. चुकलं असेल तर सांगायला तुम्ही मागे नाही, म्हणून मी दोनदा मोजलं.